क्रॅशगेट: माणसांना शिक्षा झाली, निकाल मात्र जागेवरच. एफवनमधल्या (फॉर्म्युला वन) फसवणुकीवर बोलूया

सातवा_गिअर
फेरारीचा तेव्हाचा ड्रायव्हर फेलिपे मासा याची २००८ च्या गेलेल्या टायटलवरची लंडनची केस परत चर्चेत आहे आणि दुसऱ्या धाग्यावर वाचताना जाणवलं की बऱ्याच जणांना २००८ च्या सिंगापूरला, म्हणजे क्रॅशगेटमध्ये, नक्की काय झालं ते नीट माहीतच नाही, नुसतं "मासा पैशासाठी करतोय" एवढंच चाललंय. म्हणून वेगळा धागा काढतोय.

२८ सप्टेंबर २००८, एफवनची पहिली रात्रीची रेस, आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. रेनोचा अलोन्सो सरावात जबरदस्त वेगात होता पण क्वालिफायिंगमध्ये (रेसच्या सुरुवातीची जागा ठरवणारी फेरी) गाडी बंद पडली आणि नंबर आला १५ वा. दोन्ही बाजूंना भिंती असलेल्या शहरातल्या ट्रॅकवर १५ वा म्हणजे रेस तिथेच संपल्यात जमा. तरी टीमने त्याला कमी इंधन भरून सुरुवात करायला लावली आणि १२ व्या लॅपलाच पिटमध्ये (ट्रॅकशेजारी इंधन भरायची, टायर बदलायची जागा) बोलावलं, तेव्हा कॉमेंटरीवाल्यांनाही कळेना की हे काय चाललंय. मग १४ व्या लॅपला त्याचाच टीममेट नेल्सन पिके ज्युनियर १७ व्या वळणावर भिंतीत गेला. ती जागा ठरवून निवडलेली होती, तिथे जवळ क्रेन नव्हती, गाडी पटकन उचलता येणार नाही म्हणजे सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना मागे हळू चालवायला लावणारी गाडी) येणार हे नक्की. सेफ्टी कार आली, पुढचे सगळे अडकले, अलोन्सोचं पिट आधीच झालेलं, आणि शेवटी तो रेस जिंकला.

वर्षभर कोणाला काही सिद्ध करता आलं नाही. २००९ च्या हंगेरीनंतर रेनोने पिकेला काढलं, त्याआधीच ३० जुलैला त्याने एफआयएकडे (मोटर रेसिंगची जागतिक नियामक संस्था) लेखी जबाब दिला होता. टेलिमेट्री, म्हणजे गाडीतल्या सेन्सरची नोंद, काढून बघितली तर गाडी फिरत असताना त्याचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उठलेलाच नव्हता, उलट दाबलेला होता. ज्या ड्रायव्हरची गाडी खरंच हातातून सुटते तो असं करत नाही. रेडिओवर तो परत परत विचारत होता की कितवा लॅप चालू आहे.

शिक्षा काय झाली बघा. टीमबॉस फ्लाव्हिओ ब्रियातोरे, बेमुदत बंदी. इंजिनिअरिंगचा प्रमुख पॅट सिमंड्स, ५ वर्षं. रेनो टीमला बंदी पण स्थगित, म्हणजे २०११ अखेरपर्यंत परत असलं काही केलं तर लागू. पुढे जानेवारी २०१० मध्ये पॅरिसच्या कोर्टाने दोघांवरची बंदी उडवली, मग एफआयएशी तडजोड झाली. सिमंड्स नंतर विल्यम्सला गेला आणि पुढे चक्क एफवनच्याच तांत्रिक विभागाचा प्रमुख झाला. ब्रियातोरे २०२४ ला अल्पीनमध्ये सल्लागार म्हणून परत आला, आणि अल्पीन म्हणजे कोण, तर तीच एन्स्टोनची रेनोची टीम!

आणि रेसचा निकाल? तो आजही तसाच. रेकॉर्डमध्ये अलोन्सो पहिला, रेनो पहिली. मला त्रास याचा होतो. माणसांना शिक्षा कमी झाली की जास्त यावर वाद घालू शकतो, पण जी रेस खोटी होती हे सगळ्यांनी मान्य केलंय, रेनोनेही आरोप नाकारले नाहीत, त्या रेसचा निकाल खरा म्हणून कसा काय ठेवता?

टिफोसी_ठाणेकर
+१००. त्या रेसमध्ये मासा पोलवर (सुरुवातीची पहिली जागा) होता आणि आघाडीवर होता. सेफ्टी कार असताना सगळ्यांना एकदम पिटला यावं लागलं, त्या गडबडीत निघायची खूण देणारा फेरारीचा हिरवा दिवा लवकर लागला आणि मासा इंधनाचा पाईप गाडीला तसाच लटकत घेऊन निघाला. पाईप काढायला मेकॅनिक पिटलेनच्या पार टोकापर्यंत पळत गेले. १३ वा आला, शून्य गुण. मॅकलॅरेनचा हॅमिल्टन तिसरा, ६ गुण. सीझनच्या शेवटी हॅमिल्टन ९८, मासा ९७. एका गुणाने गेलं वर्ल्ड टायटल, तेही ब्राझीलला स्वतःच्या घरच्या प्रेक्षकांसमोर रेस जिंकून, शेवटच्या लॅपच्या शेवटच्या वळणांत ग्लॉक नावाचा ड्रायव्हर मागे पडून हॅमिल्टन पाचवा झाला म्हणून. त्या माणसाने पोडियमवर छातीवर हात ठेवून प्रेक्षकांचे आभार मानले होते, मला तो माणूस कायम मोठा वाटत आलाय.

पैशासाठी करतोय म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्या की २०२३ ला एफवनचा तेव्हाचा सर्वेसर्वा एक्लस्टोननेच मुलाखतीत सांगितलं की त्याला आणि एफआयएचा तेव्हाचा अध्यक्ष मॉस्लीला २००८ मध्येच कळलं होतं आणि खेळाची बदनामी नको म्हणून गप्प बसले. हे ऐकल्यावर कोण गप्प बसेल?

नवशिकी_प्रेक्षक
मी २०२१ पासून बघायला लागले त्यामुळे एक बेसिक प्रश्न. सेफ्टी कार आली तर आता सगळे पटकन पिटला जातात आणि उलट फायदाच होतो. मग तेव्हा पुढचे सगळे अडकले कसे?

अनघा_के
@नवशिकी_प्रेक्षक, तेव्हाचा नियम वेगळा होता. २००७ आणि २००८ मध्ये सेफ्टी कार आली की पिटलेन बंद व्हायची, सगळ्या गाड्या मागे रांगेत येईपर्यंत उघडायची नाही. हेतू चांगला होता, अपघाताच्या जागेवरून कोणी पिटकडे सुसाट जाऊ नये. पण तेव्हा रेसमध्ये इंधन भरायची परवानगी होती, २०१० पासून बंद झाली. म्हणजे ज्याची टाकी संपत आलीये त्याने करायचं काय, एकतर बंद पिटमध्ये घुसून पेनल्टी घ्यायची नाहीतर ट्रॅकवर थांबायचं. रॉसबर्ग आणि कुबिका याच चक्करमध्ये सापडले, दोघांना पेनल्टी बसली. ज्याने आधीच इंधन भरून घेतलंय त्याला मात्र काहीच भरावं लागत नाही, समोरचे सगळे पिटला गेले की तो आपोआप पुढे. रेनोने त्या नियमाचं गणित अगदी बरोबर मांडलं होतं. २००९ पासून तो नियम काढून टाकला.

वोकिंगवाला
मॅकलॅरेनवाला म्हणून लिहितोय हे आधीच सांगतो. मासाबद्दल आदर आहे, पण त्याचं टायटल सिंगापूरला गेलं हे मला पटत नाही. दिवा लवकर लागला तो फेरारीचा स्वतःचा दिवा होता, पिकेने लावला नव्हता. पिटमधून सुटताना तो सुटिलच्या फोर्स इंडिया गाडीच्या आडवा आला म्हणून वर ड्राइव्ह-थ्रू पेनल्टी (न थांबता पिटलेनमधून हळू जायची शिक्षा), तीही फेरारीचीच चूक. हंगेरीला ३ लॅप राहिले असताना आघाडीवर असताना इंजिन गेलं. सिल्व्हरस्टोनच्या पावसात किती वेळा फिरला ते आठवा. आणि स्पाला हॅमिल्टनने पहिला येऊन २५ सेकंदांची पेनल्टी खाल्ली तेव्हा ती रेस मासाला मिळाली, ते १० गुण कोणी परत मागितले नाहीत. १८ रेसच्या सीझनमधली एकच रेस उचलून टायटल ठरवता येत नाही.

आणि फेरारीवाल्यांनी आम्हाला फसवणुकीवर शिकवावं हे जरा अतीच होतंय. २०१९ चा फेरारीच्या इंजिनवरचा संशय आठवतोय ना?

टिफोसी_ठाणेकर
वोकिंगवाला, तुम्ही आणि २०१९ काढताय? ७८० पानं विसरलात? फेरारीच्या गाडीची अख्खी कुंडली तुमच्या चीफ डिझायनरच्या घरात सापडली होती राव.

इतरांसाठी सांगतो. २००७. फेरारीतला नायजेल स्टेपनी नाराज होता, त्याने मॅकलॅरेनच्या माईक कॉक्लनला ७८० पानांची कागदपत्रं दिली, गाडीचं डिझाईन, वजनाची विभागणी, सगळं. कॉक्लनच्या बायकोने ती इंग्लंडमध्ये घराजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात नेली, दुकानातल्या माणसाने फेरारीचं नाव बघितलं आणि सरळ फेरारीला कळवलं. तो माणूस नसता तर कदाचित कोणाला कळलंच नसतं! जुलैच्या पहिल्या सुनावणीत एफआयएने मॅकलॅरेनला दोषी धरून शिक्षा मात्र काही दिली नाही. मग तेव्हा मॅकलॅरेनमध्ये असलेला अलोन्सो आणि त्यांचा टेस्ट ड्रायव्हर पेड्रो दे ला रोसा यांच्यातले ईमेल बाहेर आले, त्यात फेरारीच्या वजनाच्या विभागणीची चर्चा होती. सप्टेंबरमध्ये परत सुनावणी, १० कोटी डॉलर दंड आणि कन्स्ट्रक्टर्स (टीमच्या) चॅम्पियनशिपमधून बाहेर.

वोकिंगवाला
दंड भरला, चॅम्पियनशिप गेली, डिसेंबरमध्ये टीमने जाहीर माफी मागितली. मी त्या प्रकरणाचं समर्थन कधीच केलेलं नाही आणि करणारही नाही, त्या वर्षी चाहता म्हणून फार वाईट वाटलं होतं. पण त्याच वर्षी रेनोकडे मॅकलॅरेनची माहिती फ्लॉपी डिस्कवर सापडली, एक इंजिनिअर टीम बदलताना घेऊन गेला होता. एफआयएने रेनोला दोषी धरलं आणि शिक्षा? शून्य. एकाला १० कोटी डॉलर आणि दुसऱ्याला काहीच नाही. पुढच्याच वर्षी त्याच रेनोने सिंगापूर केलं. हा योगायोग मला तरी वाटत नाही, ज्याला एकदा सोडून दिलं त्याची हिंमत वाढतेच.

अनघा_के
वोकिंगवाला यांचा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे.

माझं मत मांडते, मी ऑटोमोटिव्हमध्ये इंजिनिअर आहे त्यामुळे मला या गोष्टी तीन वेगळ्या प्रकारच्या वाटतात आणि आपण त्यांची सरमिसळ करतो. एक म्हणजे नियमातली पळवाट, उदाहरणार्थ २००९ चा ब्रॉन टीमचा डबल डिफ्यूझर (गाडीखालच्या हवेतून जास्त पकड मिळवणारा भाग). त्यावर तक्रार झाली, कोर्टाने कायदेशीर ठरवला, सगळ्यांनी नंतर कॉपी केला. याला फसवणूक म्हणणं मला अजिबात मान्य नाही, नियमाचं पुस्तक दुसऱ्यापेक्षा नीट वाचणं हेच इंजिनिअरचं काम आहे.

दुसरा प्रकार म्हणजे नियम मोडायचा आणि तपासणीत सापडणार नाही अशी सोय करायची. याचं माझ्या मते सगळ्यात भारी उदाहरण एफवनमधलं नाहीच, रॅलीमधलं आहे. १९९५, टोयोटा सेलिका, कॅटालुन्या रॅली. टर्बोत जाणारी हवा मर्यादित राहावी म्हणून ३४ मिमीचा रेस्ट्रिक्टर बसवायचा नियम होता. टोयोटाने अशी रचना केली की होज बसवून क्लॅम्प खास पद्धतीने घट्ट केला की आतला रेस्ट्रिक्टर स्प्रिंगच्या विरुद्ध काही मिलिमीटर सरकायचा आणि त्याच्या कडेने जास्तीची हवा आत जायची. तपासणीसाठी होज सोडला की स्प्रिंग त्याला जागेवर आणून फट बंद! म्हणजे तपासायला उघडलं की ती चोरी आपोआप नाहीशी. एफआयएचा अध्यक्ष मॉस्ली स्वतः म्हणाला होता की इतक्या वर्षांत इतकी हुशारीची युक्ती पाहिली नाही. टोयोटाचे सगळे गुण गेले आणि १२ महिने बंदी.

२०१९ ची फेरारीही याच प्रकारातली शंका होती. नियम असा की इंजिनला तासाला १०० किलोपेक्षा जास्त वेगाने इंधन जायला नको. ते मोजणारा सेन्सर ठराविक अंतराने मोजतो, दोन मोजण्यांच्या मधल्या क्षणी जास्त इंधन सोडलं तर, असा संशय होता. बेल्जियम, इटली, सिंगापूर सलग जिंकले. फेब्रुवारी २०२० ला टेस्टिंगच्या शेवटच्या दिवशी एफआयएने जाहीर केलं की फेरारीशी गोपनीय समझोता झालाय. फेरारीचं इंजिन न वापरणाऱ्या सातही टीमनी निषेधाचं पत्र लिहिलं. एफआयएचं म्हणणं असं पडलं की आमचं पूर्ण समाधान झालं नाही पण सिद्ध करणं अवघड आहे. २०२० पासून दुसरा सेन्सर आला आणि फेरारी त्या वर्षी सहावी. टिफोसींना, म्हणजे फेरारीच्या चाहत्यांना, राग येईल, पण गुन्हा सिद्ध झाला नाही हे जेवढं खरं तेवढंच हेही खरं की समझोत्यात काय आहे ते चाहत्यांना आजतागायत सांगितलेलं नाही, आणि हे मला सिंगापूरइतकंच खटकतं.

तिसरा प्रकार म्हणजे रेसच खोटी घडवायची. यात गाडी पूर्णपणे नियमात असते, मोजायला काहीच नसतं. म्हणून तो पकडणं सगळ्यात कठीण आणि म्हणून त्याला शिक्षा सगळ्यात कडक पाहिजे. पिके ज्या वेगाने भिंतीवर गेला त्यात तो स्वतः, मार्शल, प्रेक्षक, कोणालाही काहीही होऊ शकलं असतं, हे आपण गुणांच्या वादात विसरतो.

कार्टिंगचा_बाबा_कोल्हापूर
अनघाताई, सुंदर लिहिलंय. पोरगं कार्टिंग करतं म्हणून सांगतो, रेस संपली की आधी काट्यावर, ड्रायव्हरसकट वजन. मग इंजिनचं सील बघतात, टायरचे नंबर बघतात. तोपर्यंत निकाल तात्पुरता, आईबाप मोबाईल काढून उभे असले तरी कप हातात येत नाही. पोरांना लहानपणीच कळतं की चेकर्ड फ्लॅग पडला म्हणजे रेस संपली नाही.

वजनावरनं टायरेल टीम आठवली. १९८४. बाकीच्यांकडे टर्बो, यांच्याकडे साधं इंजिन, मग गाडी हलकी ठेवून पळवायची आणि शेवटी शेवटी पिटला येऊन पाण्याची टाकी भरायची. ते पाणी इंजिनात सोडायला म्हणून असायचं, पण त्यात शिशाच्या गोळ्या सापडल्या! म्हणजे शेवटच्या काट्यावर वजन बरोबर. सगळ्या सीझनचे निकाल पुसले, डेट्रॉइटला मार्टिन ब्रंडल दुसरा आला होता तेही गेलं.

आणि बीएआर टीम, २००५ इमोला, ड्रायव्हर जेन्सन बटन तिसरा. काट्यावर गाडी ६०६.१ किलो, इंधन पूर्ण काढल्यावर ५९४.६. नियम किमान ६०० चा. टाकीच्या आत अजून एक छोटी टाकी होती. निकाल रद्द आणि पुढच्या दोन रेसची बंदी. म्हणजे सातवा_गिअर यांचा मुद्दा बरोबर आहे, गाडीत खोट सापडली की निकाल लगेच पुसतात, मग माणसांनी मिळून खोटं केलं तेव्हाच हात का थरथरतात?

शार्लट_मुक्काम
इथे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात नॅस्कार, म्हणजे इथली कार रेसिंग, घरोघरचा विषय, ऑफिसात सोमवारी दुसरं काही बोलतच नाहीत. तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर इकडे मिळतं म्हणून लिहितो.

सप्टेंबर २०१३, रिचमंड. प्लेऑफमध्ये (टायटल ठरवणारा सीझनचा शेवटचा टप्पा) कोण जाणार हे ठरवणारी शेवटची रेस. ७ लॅप राहिले असताना रायन न्यूमन आघाडीवर होता, जिंकला असता तर आत गेला असता. तेवढ्यात मायकल वॉल्ट्रिप रेसिंगचा क्लिंट बोयर अचानक गोल फिरला, पिवळा झेंडा म्हणजे सगळ्यांनी हळू, न्यूमनची आघाडी पिटमध्ये गेली, आणि त्याच टीमचा मार्टिन ट्रूएक्स ज्युनियर प्लेऑफमध्ये. त्याआधी रेडिओवर बोयरला हात खाजवायला सांगितल्याचं सगळ्यांनी ऐकलं, हा इशारा होता असा संशय. वर टीमच्या गाड्या मुद्दाम पिटला बोलावून दुसऱ्याला गुण मिळवून दिले.

रेस शनिवारी रात्री झाली. सोमवारी निर्णय. टीमला ३ लाख डॉलर दंड, तिन्ही ड्रायव्हरचे ५० गुण कापले, ट्रूएक्स बाहेर, न्यूमन आत. बोयर मुद्दाम फिरला हे सिद्ध होत नाही असं नॅस्कारने स्पष्ट म्हटलं, तरी बाकीच्या पुराव्यावर एवढं केलं. त्याच आठवड्यात जेफ गॉर्डनलाही १३ वा ड्रायव्हर म्हणून आत घेतलं, कारण त्याचंही नुकसान झालं होतं. मुख्य स्पॉन्सर सोडून गेला आणि २०१५ नंतर ती टीमच बंद पडली. नॅस्कारवर टीका पुष्कळ झाली पण ज्याचं नुकसान झालं त्याला तिथल्या तिथे जागा मिळाली, हे मला फार मोलाचं वाटतं.

वोकिंगवाला
शार्लट_मुक्काम, दोन दिवसांत कळलं म्हणून दोन दिवसांत बदलता आलं. सिंगापूरचं एका वर्षाने बाहेर आलं. डिसेंबरमध्ये बक्षीस समारंभ झाला की त्या सीझनचे निकाल पक्के, हा नियम आधीपासून आहे. उद्या कोणीही वीस वर्षांनी येऊन जुनं टायटल मागायला लागलं तर?

टिफोसी_ठाणेकर
पण मुद्दा तोच आहे ना. पिकेच्या वडिलांनी, पिके सिनियरने, २००८ च्या ब्राझील रेसच्या वेळीच रेस डायरेक्टर चार्ली व्हाइटिंगला सांगितलं होतं आणि त्याने मॉस्लीला, हे एफआयएच्याच कागदपत्रांत आहे. समारंभ व्हायचा होता अजून! पुरावा नव्हता म्हणतात, अहो टेलिमेट्री तेव्हाही तीच होती, बघायला कोणी अडवलं होतं? पेपर फुटल्याचं बोर्डाला निकालाआधी कळलं आणि निकाल लागेपर्यंत बोर्डच गप्प बसलं, तर नंतर मुदत संपली म्हणून विद्यार्थ्याला परत पाठवायचं का?

नवशिकी_प्रेक्षक
केवढी माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. मग केसचं आत्ता काय झालंय? आणि सातवा_गिअर, तुमच्या मते नक्की काय करायला हवं, मासाला चॅम्पियन करायचं का?

सातवा_गिअर
मार्च २०२४ ला लंडनच्या हायकोर्टात दावा दाखल झाला, एफआयए, एफवनची कंपनी आणि एक्लस्टोन यांच्यावर. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं की टायटलबद्दल कोर्ट काही जाहीर करणार नाही, पण मिळून कट केल्याचा आणि नुकसानीचा दावा पुढे चालेल. म्हणजे कोर्टातून चॅम्पियनशिप मिळणार नाही हे जवळपास नक्की.

माझं मत विचारलंत तर वोकिंगवाला यांचं मला अर्धं पटतं. टायटल आत्ता बदलू नये. हॅमिल्टनने काही चुकीचं केलेलं नाही, ब्राझीलला त्याला पाचवा नंबर पुरेसा होता म्हणून तो पाचव्यासाठी चालवत होता, गुणांचं गणित वेगळं असतं तर वेगळा चालवला असता. पण रेनोचा विजय मात्र काढलाच पाहिजे, आजही. टीमने फसवणूक केली तर टीमची गाडी निकालातून बाहेर. अलोन्सोला काही माहीत नव्हतं असं चौकशीत ठरलं, ठीक आहे, मला ते मान्य आहे, पण बटनलाही त्या छोट्या टाकीबद्दल कोणी दोष दिला नव्हता, तरी त्याचा तिसरा नंबर गेलाच ना.

वोकिंगवाला
इथे एक गणित बघा. फक्त रेनोला काढलं तर सगळे एक नंबर वर सरकतात. हॅमिल्टन तिसऱ्याचा दुसरा, ६ चे ८ गुण, म्हणजे ९८ चे १००. मासा तरी शून्यावरच. अख्खी रेस रद्द केली तरच हॅमिल्टन ९२ आणि मासा ९७. म्हणून मासाचे वकील रेस रद्द करा म्हणत होते, रेनोला बाद करा असं नाही. तुमच्या मार्गाने न्याय होईल पण मासाला नाही.

सातवा_गिअर
बरोबर, आणि म्हणूनच मला तोच मार्ग योग्य वाटतो. कोणाला टायटल मिळतंय हे बघून शिक्षा ठरवायची नसते. रेस रद्द केली तर ज्यांनी त्या रात्री प्रामाणिकपणे ६१ लॅप चालवले त्यांचेही गुण जातात, त्यांचा काय दोष?

आणि मासाच्या नादात एका माणसाचं नाव कोणी घेतच नाही. निको रॉसबर्ग. बंद पिटमध्ये जावं लागलं, पेनल्टी खाल्ली आणि तरीही त्या विल्यम्समध्ये दुसरा आला. रेनोला काढलं तर ती रेस त्याची. त्याला पहिला विजय मिळायला २०१२ चं चीन उजाडलं, आणि विल्यम्स तर २००४ च्या ब्राझीलनंतर थेट २०१२ च्या स्पेनला जिंकली. पैशाची इतकी ओढाताण असलेल्या टीमला २००८ मध्ये एका विजयाने काय काय मिळालं असतं, स्पॉन्सर, बक्षिसाची रक्कम, चांगले इंजिनिअर.

टिफोसी_ठाणेकर
रॉसबर्गचा मुद्दा खरंच कधी डोक्यात आला नव्हता. मासासाठी भांडणं मी सोडणार नाही, पण विल्यम्सचा विजय त्यांना द्या या मागणीला फेरारीवाल्याचंही +१ धरा.

कार्टिंगचा_बाबा_कोल्हापूर
माझंपण +१. ट्रॉफी परत मागवून ग्रोव्हला विल्यम्सच्या फॅक्टरीत पाठवा.